दुमडलेलं टोक

घरात कप फुटला की माझा नवरा तुकडे गुपचूप बाहेर टाकून येतो. नाहीतर मी ते टेबलावर मांडून बसेन, ही त्याला भीती. त्याचंही चूक नाही. बावीस वर्षं पोलिसांच्या प्रयोगशाळेत मी हेच करते आहे. फुटक्या काचा, फाटके कपडे, तुटकी पाती यांच्या कडा एकमेकींना लावून बघते. जुळल्या तर जुळल्या म्हणते, नाहीतर नाही. कुणाच्या बापाला भीत नाही.

त्या दिवशी माझ्यापुढे कापडी चिकटपट्टीचा हातभर तुकडा होता. घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा दुकानात मेलेला सापडला, त्याचे हात या पट्टीने बांधलेले होते. अशी पट्टी हाताने फाडली की कडेचे धागे वेडेवाकडे तुटतात. रिळावर त्या तुकड्याच्या आधी आणि नंतर जे तुकडे होते, फक्त त्यांच्याशीच ते धागे जुळतात. म्हणजे प्रत्येक तुकड्याला दोन शेजारी. या तुकड्याचे दोन्ही शेजारी पोलिसांना अजून सापडले नव्हते.

त्याचं सुरुवातीचं टोक दुमडलेलं होतं. आधी कोपरा, मग वर एक घडी. माझा चिमटा हवेतच थांबला. पट्टी फाडली की रिळावर उरलेलं टोक असं दुमडायला बाबांनी आम्हा दोघा भावंडांना शिकवलं होतं. पुढच्याला टोक शोधत बसायला लागू नये, म्हणायचे.

लाखो लोक दुमडत असतील, मी स्वतःला समजावलं. पण सकाळीच धाकट्या भावाचा फोन येऊन गेला होता. आई गेल्यावर त्याने तिची भांडी एका खोक्यात बंद करून माझ्याकडे आणून दिली होती. खोका उघडलास का, असं तो सहज विचारत होता. मी म्हटलं, नाही रे, धीरच होत नाही. त्या खोक्यावर अशीच राखाडी पट्टी होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी घरी निघाले.

भाऊ माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. आमची एक किल्ली त्याच्याकडे असते. टेबलावर खोका, शेजारी रीळ, आणि मोरीतून काहीतरी जाळल्याचा उग्र वास.

"जुनी पट्टी सुटत आली होती, ताई," तो म्हणाला. "म्हटलं, नवीन लावून टाकू."

सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. तुकड्याचा एक शेजारी राख झाला होता. आता मला काही सिद्धच करता येणार नव्हतं.

मग मी नवीन पट्टीकडे बघितलं. तिचंही पहिलं टोक दुमडलेलं होतं. आधी कोपरा, मग घडी.

"ही त्याच रिळातली?"

"मग? अर्धं रीळ कोण फेकतं? बाबांनी कान उपटले असते."

तो हसला. मला हसू आलं नाही. म्हाताऱ्याच्या हातांवरची पट्टी जिथे संपली, तिथून ही सुरू झाली होती. एक शेजारी त्याने जाळला होता आणि दुसरा आपल्याच हाताने आईच्या खोक्यावर चिकटवला होता.

माझा चेहरा बघून तो उठला, दाराला आतून कडी घातली आणि खोका उचलायला लागला. आईचं काहीतरी माझ्याकडेही असू दे, म्हणाला.

"ठेव खाली."

त्याने ठेवला आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी काही फोडलं की असाच बघायचा, आणि मी आईला कधी सांगत नसे. मला रडू फुटलं. तशीच पाठ वळवून मी साहेबांना फोन लावला.

"घड्याळवाल्याच्या पट्टीचा शेजारी सापडलाय. माझ्या घरी एक खोका आहे, तो न्यायला माणसं पाठवा. मला त्याला हात लावता येणार नाही. पट्टी लावणारा भाऊ आहे माझा."

मागून रिळाची पट्टी सुटल्याचा आवाज आला. चर्र. तरी मी पत्ता पुरता सांगितला आणि मगच वळले.

रीळ टेबलावर होतं. मघाशी दुमडायचं राहिलेलं टोक त्याने दुमडून ठेवलं होतं, आधी कोपरा, मग घडी. आणि तो कडी काढून दारापाशी पोलिसांची वाट बघत उभा होता.