पुण्यातली खाट

“हे कोणी मानणार नाही!” ओट्यावर पिशवी आपटत प्रभाकर आबा म्हणाले. “देवानं येऊन साक्ष दिली तरी मानणार नाही. ज्याले मानायचं नसंल त्यानं आत्ताच उठावं. मागून ‘आबा फेकतात’ म्हणाल तर माझ्याशी गाठ आहे!”

कोणी उठलं नाही. आबांची गोष्ट अर्ध्यात टाकून उठणारा माणूस बुऱ्हाणपूरजवळच्या फोपनारात अजून जन्मला नव्हता, आणि ती गोष्ट खरी मानणाराही नव्हता. तापीला पूर आला तेव्हा केळीच्या खोडांच्या तराफ्यावर बसून आपण थेट भुसावळला जेवायला गेलो होतो, हे ते दर पावसाळ्यात सांगत. दर पावसाळ्यात भाकरीबरोबरचं कालवण तेवढं बदलत असे.

आज मात्र ऐकणाऱ्यांचं मन गमतीवर नव्हतं. आबांच्या नातीला, मोनालीला, पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. खोली मिळेपर्यंत राहायला तिनं एक स्वस्तातलं हॉस्टेल शोधलं होतं. कॉलेजचं नव्हे, फिरते प्रवासी उतरतात तसलं. खोली सगळ्यांची, पलंग ज्याचा त्याचा. तिचा बाप, आबांचा मुलगा निलेश, काही केल्या तयार होईना. “अनोळखी लोकांत माझी पोरगी झोपणार?” म्हणून त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. पोरीनंही ताट ढकलून दिलं होतं. शेवटी निलेशनंच तोड काढली: आबा पुण्याला जाऊन बघून येतील. ते हो म्हणाले तर जा, नाही म्हणाले तर कंपनीला फोन करून येत नाही म्हणून सांग. मोनाली लगेच कबूल झाली. आबा तिच्या बाजूचे, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

पुण्यात आबांची बहीण कोकिळा होती. तिच्या दोन खोल्यांत तीन सुना नांदत, त्यामुळं पोरीला तिथं ठेवणं शक्य नव्हतं. पण आबांनी तिच्याकडं एक रात्र काढायची, हॉस्टेल बघायचं आणि परतायचं, असं ठरलं होतं.

तर आबा आज सकाळच्या गाडीनं परतले ते तापूनच. डोळे लाल, कॉलर काळी. शारदाबाईंनी पुढं केलेला चहा “निवला” म्हणून परत केला, गरम करून आणला तर “जीभ भाजली” म्हणून बायकोवरच खेकसले. अंगणापलीकडं केळीची गाडी भरणं चाललं होतं. तिथून शेजारी यादव, आबांच्याच वयाचा आणि आबांच्या खोड्या काढण्यातच म्हातारा झालेला, मान पुसत आला आणि ओट्यावर टेकला.

“बोल प्रभाकर. मानणार तर नाहीच, पण ऐकतो.”

“खाट पाहिली का तू कधी?”

“रोज पाहतो. रोज कुरकुरते. म्हातारी म्हणते, आवाज खाटेचा का तुमच्या हाडांचा ते कळत नाही.”

“तिथं खाटेवर खाट आहे. तिच्यावर खाट. तिच्यावर अजून खाट. नेपानगरच्या कारखान्याची चिमणी आहे ना, तिच्या बरोबरीनं! सगळ्यात वरच्या खाटेवर एक गोरा झोपला होता. त्याच्या दाढीत कबुतरानं अंडी घातली होती. त्याले उठवाले आपण केळीले टेका लावतो ना, तसला बांबू ठेवला होता. ढोसला का तो वरून विचारे, ‘मॉर्निंग?’ खालून ओरडावं लागे, ‘मॉर्निंग कधीच गेली रे, आता दिवाळी आली!’”

“अन् तुझी खाट?”

“सगळ्यात खालची. एवढी आखूड, का गुडघ्यापासून पुढचा मी बाहेर. येणारे-जाणारे माझ्या अंगठ्यांवर टॉवेल वाळत घालत होते.”

यादव पोट धरून हसला. शारदाबाईंनी पदर तोंडाला लावला. निलेश मात्र भिंतीला टेकून हाताची घडी घालून बसला होता. मोनाली दारात उभी होती. तीही हसली नाही. तिनं आबांकडं असं काही पाहिलं, की आबांनी तोंड फिरवून गाडी भरणाऱ्यांवर आवाज टाकला, “पानं घाला रे खाली! माल आहे का दगडं?”

आबांनी तिथली एकही खाट पाहिली नव्हती. राग होता तो त्याचाच.

पुण्यात उतरल्यावर त्यांच्या मनात आलं होतं, की बाहेरून इमारत बघून काय कळतं? खाटेवर रात्रभर पाठ टेकल्याशिवाय जागा कशी आहे ते समजत नाही. मग कोकिळेकडं न जाता ते थेट हॉस्टेलवरच गेले. हातात गोणपाटात बांधलेला कच्च्या केळीचा घड होता, त्यांच्या बागेतला सगळ्यात देखणा. कोणाच्या दारी जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं? काउंटरमागं डोक्यावर अंबाडा बांधलेला एक तरुण बसला होता. आबांनी घड फरशीवर ठेवला आणि हसून “राम राम” म्हणाले.

तो मोबाईलवरून मान न उचलता म्हणाला, “केला नहीं चाहिए. और डिलिव्हरी पीछे से.”

“मी केळीवाला नाही,” आबा म्हणाले, आणि लगेच अडखळले. कारण केळीवाले तर ते होतेच. बापापासून होते. “म्हणजे, आहे. पण विकाले नाही आलो. मले खाट पाहिजे.”

मग त्यानं आधार कार्ड मागितलं. बुऱ्हाणपूर वाचून म्हणाला, “एमपी के हो, तो मराठी क्यों बोल रहे हो?” हा प्रश्न आबांनी जन्मात पहिल्यांदाच ऐकला. कार्डावरची जन्मतारीख बघून तर तो हसलाच. “अंकल, यहाँ यंग क्राउड रहता है. आप कोई लॉज देख लो.” आबांनी आवाज चढवला, तेव्हा त्यानं बोटानं वॉचमनला खुणावलं. वॉचमननं आबांना हात लावला नाही. त्यानं फक्त घड उचलला, बाहेर नेला आणि फुटपाथवर ठेवला. आबा घडाच्या मागं मागं बाहेर गेले.

फोपनारात केळी भरायला येणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर, कोणी पंजाबचा, कोणी हरियाणाचा, या ओट्यावर झोपून जात. नाव कोणी विचारत नसे. खाट टाकायची, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा, सकाळी चहा द्यायचा. वय विचारून खाट देतात, ही रीत आबांना जगात असल्याचंच ठाऊक नव्हतं. कोकिळेकडं कोणत्या तोंडानं जावं? त्यांनी ती रात्र आणि दुसरा दिवस स्टेशनच्या बाकावर काढला, दात-ओठ खात, आणि मग रात्रीची गाडी धरली. त्या अंबाड्याला काय काय उत्तरं द्यायला हवी होती, ती सगळी त्यांना तिथं सुचली.

“अन् घड कोणाले दिला हो?” शारदाबाईंनी विचारलं. “एवढा मोठा. मी नको म्हणत होते, जड होईन म्हणून.”

आबांच्या कपाळाची शीर फुगली.

“घड? त्याच्यानंच तर रामायण झालं! तिथं एक मॅनेजर आहे, बायकांसारखा अंबाडा घालतो. भारी अकडू. मले म्हणे, बाहेरचं खाणं आत नाही चालत. म्हटलं, थांब लेका. घड मी कपाटात ठेवून दिला. कच्चा, गच्च हिरवा. रात्रीतून पिकला!”

“हाव,” यादव म्हणाला, “आणि सकाळी सालं आपोआप गळून पडली.”

“ऐक तर! केळी पिकली, वास सुटला, अन् त्या वासानं जे दिसंल ते पिकाले लागलं. गोऱ्याची हिरवी बॅग पिवळी झाली. दाढीतली अंडी पिकली, पिल्लं उडून गेली. मॅनेजरचा अंबाडा तर असा पिकला, का एक-एक केस पांढरा! आरशात पाहून तो रडाले लागला. माझे पाय धरले. म्हणे, आबा, तुम्ही बसा गादीवर, मी खाली बसतो. म्हटलं, हट! ज्या दारात माणसाचं वय विचारतात त्या दारात मी थुंकतही नाही!”

हे शेवटचं वाक्य आबा एवढ्या जोरात बोलले, की गाडी भरणाऱ्यांचे हात थांबले. यादवही हसायचा थांबला आणि त्यांच्याकडं बघत राहिला. आपण नको तिथं घसरलो हे आबांच्या लक्षात आलं. ते सावरायला त्यांनी घाईघाईनं पुढचं जोडलं.

“मग काय, सगळे पळाले बाहेर. तर दार बंद! तिथं कुलूप-किल्ली नाही, प्लास्टिकचं कार्ड लागते. कार्ड कोणाजवळच सापडंना. मी घडाचं एक वाळकं पान काढलं, फटीत सरकवलं. खट! उघडलं. असली त्यांची कुलपं. शेळीनं शिंग लावलं तरी उघडतीन.”

“थांबा,” निलेश म्हणाला. तो भिंतीपासून सरळ झाला होता. “पानानं उघडलं?”

“पानानंच! काय सांगू तुले.”

“म्हणजे बाहेरून कोणीही उघडू शकते.”

आबा उगाच पिशवीचा बंद सोडू लागले.

“मी काय म्हणत होतो?” निलेश कडाडला. “हेच म्हणत होतो ना मी? दाराला कुलूप नाही नीट, अन् आत माझी पोरगी! बस, झालं. मोना, लाव फोन कंपनीला. येत नाही म्हण.”

“पप्पा, तुम्ही आबांचं काय ऐकता? कबुतराची अंडी खरी आहेत का?”

“अंडी खोटी असतीन. कुलूप खरं आहे. तुझ्या आजोबाला मी जन्मापासून ओळखतो. दहा गोष्टी फेकतीन, पण आतली एक पक्की असते.”

सगळा जन्म आबांनी कोणीतरी आपलं खरं मानावं म्हणून जिवाचा आटापिटा केला होता, आणि मानलं ते आज, हे. त्यांना निलेशच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याहून आधी स्वतःच्या.

“अरे, तसं नाही,” ते घाईनं म्हणाले. “पोरींचा मजला निराळा आहे. तिथं एक बाई बसते, पहिलवान. माझ्यासमोर तिनं एका चोराले मानेले धरून गॅलरीतून खाली फेकला!”

“म्हणजे चोर येतात तिथं!”

“एकच आला होता!”

“आबा, तुम्ही पोरीसाठी सावरता आहात, कळतं मला. लहानपणापासून तिच्या चुका तुम्हीच झाकल्या.”

“अरे गाढवा, कुलूप चांगलं होतं! लोखंडी! हत्ती आला तरी उघडणार नाही!”

“मघाशी शेळी उघडत होती,” यादव हळूच म्हणाला.

“तू गप बस बे!”

एका वाक्याचं काम होतं. मी आत गेलोच नाही, मले माहीत नाही, एवढं म्हटलं की गाठ सुटली असती. आबांनी ते वाक्य जिभेपर्यंत आणलंसुद्धा. पण समोर यादव बसला होता. दुपारपर्यंत ते शेजारच्या जसोंडी गावात पोहोचलं असतं, संध्याकाळी बुऱ्हाणपूरच्या केळीच्या लिलावात: प्रभाकरले पुण्यात केळीवाला समजून हाकलला, घड फुटपाथवर ठेवला. लिलावात उभं राहणं मुश्कील झालं असतं. ते वाक्य आबांनी गिळलं, आणि त्याच्या जागी दुसरंच बाहेर आलं.

“मी स्वतः त्या खोलीत झोपलो, निलेश! माझ्यापेक्षा तुले जास्त माहीत?”

“म्हणून तर तुमचं ऐकतो आहे! तुम्ही झोपला, तुम्ही पाहिलं. विषय संपला. आण तो फोन, मीच लावतो.”

निलेशनं हात पुढं केला. मोनालीनं फोन पाठीमागं घेतला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“आबा, बास करा आता!”

“मोना!” शारदाबाई ओरडल्या. “आबांशी असं बोलतात?”

“बोलू दे मला, आजी. नोकरी माझी चालली आहे इथं, तुमची नाही.” ती दारातून पुढं आली आणि आबांच्या अगदी समोर उभी राहिली. “त्या हॉस्टेलात चाळिशीच्या वरच्या माणसाला ठेवतच नाहीत, आबा. मोबाईलवर त्यांच्या नियमांत साफ लिहिलंय. तुम्ही कोकिळाआजीकडं उतरणार होता, म्हणून मी बोलले नव्हते. मघापासून मला कळतंय, तरी गप्प बसले. म्हटलं, आबांची गोष्ट आहे, सांगू दे. यादवबाबा बसलेत, जाऊ दे. पण तुमच्या गोष्टीपायी मी घरी नाही बसणार. हे सगळं झूठ आहे. खाट झूठ, कुलूप झूठ, पान झूठ. त्यांनी तुम्हाला दारातूनच परत पाठवलं. तुम्ही आत गेलाच नाहीत!”