सोनूबाईंचं रडणं

मी एक लाकडी चकती बोलतेय. आज पाण्याच्या घागरीवरचं झाकण म्हणून मला कुणीही ओळखेल. पण माझं पहिलं काम निराळं होतं, आणि ते सांगताना अजून मान वर होत नाही.

लालासाब मिस्त्रींनी मला सागवानी फळीतून कापलं, ते बहात्तर साली. मुलगा फौजेत निघालाय आणि आई निरोप देतेय, असा गणपतीपुढचा हलता देखावा होता. आईच्या पोकळ डोक्यात मी मोटारीवर फिरायची. माझ्या कडेला चढ आला की तिच्यावर टेकलेली दांडी वर जाई आणि भुवई उचले. खाच आली की ओठ खाली येई.

मिस्त्री घासत, फिरवून बघत, पुन्हा घासत. आई रडायची, पण खोटं.

शेजारच्या सोनूबाईंचा मुलगा कृष्णात आदल्या साली लढाईत मारला गेला, तेव्हा आलेली तार मिस्त्रींनीच वाचून दाखवली होती. पोरगं सुट्टीवर येतंय असं वाटून त्या आधी हसल्या होत्या. मग डावी भुवई चढली, ओठ वाकडा झाला, हनुवटी तीनदा थरथरली. मेली कारागिराची नजर! तिनं सगळं मापून ठेवलं होतं. तेच माप त्यांनी माझ्या कडेवर उतरवलं.

मंडपात गर्दी मावेना. "आयला, काय रडती रं! एकदम खरी!" शिट्ट्या, टाळ्या. मीही फुगले होते.

तिसऱ्या दिवशी बायकांच्या रांगेतून सोनूबाई पुढं आल्या. आई हसली, भुवई चढली. सोनूबाईंचा हात आपल्याच हनुवटीवर गेला.

"भावजी, हे माझं हाय न्हवं?"

मिस्त्री अंगठ्यानं माती उकरत राहिले.

"मी त्या दिवशी एकदाच रडली हो. तुमी मला मिनटा-मिनटाला रडवताय की. आन् लोक शिट्ट्या घालत्यात."

मिस्त्रींनी बटण बंद केलं आणि मला उपसून काढलं.

"मिस्त्री, याड लागलं का? पैला नंबर जातोय की!" मंडळाचे हंबीरराव ओरडले.

"जाऊ दे. माजी वस्तू न्हवती ती."

माझे सगळे चढ कापून, कानशीनं घासून, ते मला सोनूबाईंच्या दारात घेऊन गेले. "वैनी, चुलीत घाला."

त्यांनी माझ्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं. कुठं उंचवटा राहिलाय का, बघितलं. "चांगलं लाकूड हाय. का जाळायचं?"

बारा वर्षं झाली. मिस्त्री अजून इथं पाणी प्यायला येतात. मला उचलताना नजर दुसरीकडं ठेवतात.

पावणं, तुमच्या पुढ्यात कुणी रडायला लागलं, तर एवढं करा. नजर खाली घाला. आम्हाला तेवढं जमलं नाही.