पाळकसाहेबांची नवी कवळी

"नाव घेत नाही," पाळकसाहेब चर्चच्या व्यासपीठावरून म्हणाले, "पण आपल्या मंडळीतला एक भाऊ, जो कवळ्या बनवतो..."

मंडळीत कवळ्या बनवणारे गृहस्थ एकच होते. ते तिसऱ्या बाकाच्या कडेला, बायकोच्या चाकांच्या खुर्चीला खेटून बसले होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिकवले त्यांनी कधी कोणाला काही नव्हते. नाव न घेण्याची पाळकसाहेबांची ही काळजी पाहून दोनशे माना एकदम त्यांच्याकडे वळल्या.

प्रवचनाचा विषय होता दुःखातही न सोडणारी देवाची प्रीती. या भावाची पत्नी अकरा वर्षे मानेखाली लुळी आहे, पाळकसाहेब सांगत होते. एकदा थकून त्याने प्रार्थना केली की प्रभू, हिला उचल. देवाने तिला उचलले नाही, उलट त्यालाच बळ दिले. केवढी ही कृपा.

उच्चार अगदी स्वच्छ येत होते. 'स' शिटी मारत नव्हता, 'प्रभू' म्हणताना वरची कवळी खाली येत नव्हती. इतके चांगले काम आपल्या हातून क्वचितच झाले आहे, हे मास्तरांच्या लक्षात आले.

चूक त्यांचीच होती. कवळीचे माप घेताना गिऱ्हाइकाच्या तोंडात लगदा भरून पाच मिनिटे गप्प बसवावे लागते. पाळकसाहेबांना सलग पाच मिनिटे गप्प बसलेले कोणी पाहिले नव्हते. वीस वर्षे त्यांचे ऐकत आलेल्या मास्तरांना वाटले, बोलायची संधी ती हीच. आणि त्या प्रार्थनेबद्दल ते बोलून गेले. ऐकता ऐकता पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते. लगद्यानेही डोळे भरून येतात, हे निदान धंद्यातल्या माणसाने विसरायला नको होते.

घरी येईपर्यंत बायको काही बोलली नाही. दुपारी मास्तरांनी घास पुढे केला, तर तिने तोंड मिटून घेतले. हातपाय नेताना देवाने तिची जीभ शाबूत ठेवली होती, तीही धार लावून. ती जीभ अशी गप्प राहिल्याचे मास्तरांना आठवत नव्हते. शेवटी शेजारच्या गल्लीतून मास्तरांच्या बहिणीला बोलवावे लागले. तिच्या हातून ती जेवली. पुढे आठवडाभर हेच. बहीण दोन्ही वेळा येई, वहिनीला भरवी आणि जाताना भावाकडे अशी बघे, जणू उशी हातात असतानाच त्याला पकडले होते.

मंगळवारी मास्तरांनी धीर केला. "एकदाच मागितलं होतं गं."

"देवाकडे मागितलंत त्याचं मला काही नाही," ती छताकडे बघत म्हणाली. "त्याला मीही नाही नाही ते बोलते. पण त्या बोळक्याला सांगितलंत? मी इथे अकरा वर्षं पडलेय. कान आहेत मला."



बुधवारी पाळकसाहेब दुकानात आले. खालची कवळी उजवीकडे टोचत होती. रविवारी किती जणांच्या डोळ्यांना पाणी आले, ते त्यांनी हौसेने सांगितले.

"मी ते विश्वासानं सांगितलं होतं," मास्तर म्हणाले.

"मग नाव कुठे घेतलं मी?" पाळकसाहेब खरोखरच दुखावले. "आणि मास्तर, तुमचं दुःख मंडळीच्या कामी आलं, हे काय थोडं झालं?"

मास्तरांनी कवळी हातात घेतली. ती तशीच परत दिली असती, तर पुढचा महिनाभर प्रवचन आटोपशीर झाले असते आणि मंडळीने दुवाच दिला असता. त्यांनी टोचणारी कड शोधली, घासली, बोट फिरवून पाहिले आणि आणखी थोडी घासली.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होते, म्हणजे प्रभूचे शरीर म्हणून भाकरीचा तुकडा घ्यायचा विधी. "मला न्या," बायको म्हणाली. "अगदी पुढे बसवा."

भाकरीचे ताट फिरत आले. बहीण पाच बाक मागे होती. मास्तरांनी तुकडा उचलून बायकोच्या ओठांशी धरला. ओठ मिटलेले. ताट पुढे गेले. मंडळीने डोळे मिटले, म्हणजे प्रत्येकाने एकेक. गीत सुरू झाले. दुसरे कडवे आले, तरी मास्तरांनी हात मागे घेतला नाही.

"दुपार होती," ते तिच्या कानाशी म्हणाले. "तुझ्या पाठीच्या जखमा धुतल्या, तू ओरडलीस. मी न्हाणीघरात जाऊन बसलो. म्हटलं, हिला ने. मग म्हटलं, निदान मला तरी ने."

ती समोर बघत राहिली. "पुढे?"

"पुढे काही नाही. कोणालाच नेलं नाही त्यानं. तू पाणी मागितलंस. मी उठलो."

तेवढ्यात गीत संपले होते. शेवटची वाक्ये सगळ्या मंडळीने ऐकली. पाळकसाहेबांनीही ऐकली, पण त्यावर काय बोलावे, हे त्यांना सुचलेले दिसले नाही.

"ही माफी नाही," बायको म्हणाली. "हे प्रभूचं आहे, तुमचं नाही."

आणि तिने तोंड उघडले.

घामाने मऊ पडलेला तो तुकडा तिने बराच वेळ चावला. ओठाच्या कोपऱ्यावर एक कण राहिला. तो टिपायला मास्तरांचा हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला; तेवढी परवानगी आपल्याला उरली आहे की नाही, हे त्यांना कळेना.