चौथीतला मुक्काम

शाळेला शंभर वर्षं पुरी होणार म्हटल्यावर, ज्यांनी शिकताना कधी फळासुद्धा पुसला नव्हता ती सगळी मंडळी समितीवर आली. समितीचं पहिलं काम काय, तर पटांगणातल्या लांब भिंतीवर शाळेचा इतिहास रंगवून घ्यायचा. आणि तो रंगवणार कोण? मुक्काम पेंटर. यावर कुणीतरी बोललंच, "बरोबर आहे, त्याच्याइतकी शाळा पाहिलीय कुणी?" सगळ्यांनी पोट धरून हसून घेतलं आणि ठराव पास झाला.

मुक्काम हे काही आईबापाने ठेवलेलं नाव नव्हे. हा गडी चौथीत तीन वर्षं बसला. पहिल्यांदा पोरं म्हणाली, नापास. दुसऱ्यांदा म्हणाली, याचा इथे मुक्कामच आहे. तिसऱ्या वर्षी धाकटा भाऊ मागून आला, त्याच बाकावर शेजारी बसला, आणि पुढे शिकत शिकत कुठल्या कुठे गेला. मुक्कामही त्या वर्षी पास झाला होता म्हणा, पण बाप म्हणाला, "एक इयत्ता तीन वर्षांत, तर पुढच्या इयत्तांना तुझी दाढी पांढरी होईल." आणि त्याला पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात नेऊन बसवलं. आता साठी आली तरी नाव चिकटलेलंच. गावातली निम्मी दुकानं त्याच्या हातची पाटी लावून बसलेली, पण पाटी चढवण्याआधी गिऱ्हाईक एकेक अक्षर बोटाने तपासणार आणि म्हणणार, "चुकलं नाही ना काही? नाही, तुझं आपलं..." हे अर्धं वाक्य मुक्कामला पाठ होतं.

समितीचा अध्यक्ष होता तोच धाकटा भाऊ. शंभर वर्षांचा मजकूर त्याने स्वतः तयार केला होता. "दादा, जसंच्या तसं उतरव," तो म्हणाला. "डोकं चालवू नकोस."

"डोकं आहे कुठे माझ्याकडे," मुक्काम म्हणाला आणि शिडी लावली.

पहिलीच ओळ होती, 'एका थोर उद्योजकाने ज्ञानाचा दिवा लावला.' ती अर्धी रंगवून होते न होते तोच मागून आवाज आला, "दिवा कसला डोंबलाचा!"

थोरल्या बाई होत्या. शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. वय इतकं झालेलं की लोक त्यांना वाकून नमस्कार करायचे आणि मनात म्हणायचे, अरे, अजून आहेत! हातात काठी, डोळ्यांवर जाड भिंग, आणि आवाज असा की शिडीवरच्या मुक्कामने नकळत पाय जुळवले. बाईंनी ऑफिसातली खुर्ची मागवली आणि भिंतीसमोर ठाण मांडलं.

"ही साबणाची वखार होती," त्या म्हणाल्या. "कामगारांची कार्टी घुसून वड्या चोरायची. मालकाने विचार केला, एवीतेवी इथेच घुटमळतात, तर निदान कोंडून ठेवू. एक मास्तर आणला आणि दाराला बाहेरून कडी घातली. झाली शाळा."

मुक्कामला हसू आवरेना. बाई पुढे सुरूच. दुसरे मास्तर आले ते सकाळी हजेरी घेऊन झोपायचे ते घंटेलाच उठायचे. पोरं कंटाळून एकमेकांना शिकवायची. "इतका चांगला निकाल पुन्हा कधी लागला नाही हो," बाई म्हणाल्या. मग एका वादळात छप्पर उडालं आणि दोन वर्ग न्हाव्याच्या दुकानात भरले. त्या वर्षी शाळेत औषधाला एक ऊ नव्हती.

दुपारपर्यंत मुक्कामने भावाचा कागद घडी करून रंगाच्या डब्याखाली सरकवला होता आणि बाई सांगतील तसं रंगवत होता. इतकी मजा त्याला त्या शाळेत पूर्वी कधी आली नव्हती.

मग बाई स्वतःच्या काळावर आल्या. कारखाना बंद पडला, माणसं गाव सोडून चालली, वर्ग ओस पडले. वरून नियम आला होता की पट वीसच्या खाली गेला की शाळेला कुलूप. गावाने तर शाळेचे शंभर भरले असंच धरलं होतं.

"मग वाचली कशी?" मुक्कामने विचारलं.

"नापास करून!" बाईंनी काठी आपटली. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "शाळा चौथीपर्यंतच, चौथीतून पोर गेलं की पट कमी. मग जाऊच द्यायचं नाही! दरवर्षी दोघांतिघांना ठेवून घेत होते मी. कुणाला पत्ता नाही. अरे, नियम करणाऱ्यांना मी शेंडी लावली!"

मुक्कामचा ब्रश भिंतीवर टेकलेला होता तो तिथेच राहिला. रंगाचा ओघळ खाली आला.

"बाई, मी?"

"तू तर दोनदा."

"म्हणजे मी पास होतो?"

"पास? गणितात पैकीच्या पैकी होते तुला. पेपर बघून मलाच वाईट वाटलं होतं."

तो शिडीवरून उतरला. त्याने विचारलं, मग मीच का? एवढी पोरं होती वर्गात, मीच का?

बाईंना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. "बाकीच्यांचे बाप भांडायला आले असते ना! तुझा बाप आला तो दारातच उभा राहिला. हात जोडले आणि म्हणाला, 'तुम्ही म्हणाल तसं, बाई.' असा बाप मिळाल्यावर शाळेने दुसरीकडे कशाला बघायचं?"

मुक्काम घरी आला तो हात न धुताच ओट्यापाशी बसला. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्याने सगळं सांगितलं. ती आधी बाईंना अशा शिव्या घालू लागली की शेजारणीने खिडकी उघडली. मग तिला एकदम आठवलं. लग्नापासून घरातला हिशेब हीच बघायची. "तुम्हाला नाही जमायचं," असं म्हणून त्याच्या हातातून कागद ओढून घ्यायची.

"मला तरी सांगायचंत, की जमतं म्हणून," ती म्हणाली.

"मला कुठे माहीत होतं?" तो म्हणाला आणि रडला. साठीचा माणूस, रंगाच्या हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडला. त्याला बाईंचा राग आला होता, पण त्याहून जास्त राग बापाचा आला होता, आणि मेलेल्या बापाचा राग करावा तरी कसा ते त्याला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मोठ्या अक्षरांत रंगवलं, 'या काळात पट राखण्यासाठी हुशार मुलांना मुद्दाम नापास करण्यात आले.'

झालं! गावात जो कल्लोळ उडाला त्याला तोड नाही. जन्मात कधी नापास झालेला प्रत्येक माणूस छाती काढून भिंतीसमोर येऊन उभा राहिला. पोस्टमन म्हणाला, मी ओळखलंच होतं. किराणावाल्याने तर पेढीवर जाहीर करून टाकलं की मीही शाळेसाठी बळी गेलो. तेवढ्यात बाई तिथून चालल्या होत्या. त्या थांबल्या, भिंगातून त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तू नाही रे. तू खरोखरच ढ होतास."

धाकटा तणतणत आला. "दादा, हे काय लिहून ठेवलंस? पुस!"

"बाईंनी सांगितलं ते लिहिलं. मी डोकं चालवलेलं नाही," मुक्काम म्हणाला. बाईंसमोर जाऊन बोलायची धाकट्याची आजही छाती नव्हती, म्हणून ओळ राहिली.

पण खरी गंमत पुढेच होती. मुक्कामची नात त्याच शाळेत चौथीला होती. तिचे आईबाप कामासाठी दूर राहायचे आणि पोर आजीआजोबांकडे असायची. तोंडाने फटाकडी आणि अभ्यासात पहिली. पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं म्हणून तिने दप्तर कधीच निवडून ठेवलं होतं. निकालाच्या आधी एका संध्याकाळी शाळेचे सर घरी आले. तरुण, भला माणूस. सोबत धाकटाही होता.

सरांनी चहाचा कप हातात घेतला, पण पिईनात. "काका, मुलगी हुशार आहे, प्रश्नच नाही. पण वय लहान वाटतं. एक वर्ष अजून आमच्याकडे राहिली तर पाया पक्का होईल."

"पट किती भरतोय?" मुक्कामने विचारलं.

सरांनी मान खाली घातली. "एक कमी पडतोय."

"चौथीत चार पोरं आहेत. बाकीच्या तिघांकडे गेला होतात?"

सर कुठून जाणार? एकीची आई वकील, एकीचा बाप बेकरीवाला, त्याच्या हातात कायम लाटणं. तिसऱ्याचा मामा पोलिसात.

धाकटा मध्ये पडला. "दादा, एका वर्षाने काय आभाळ कोसळतंय? आपण शंभरी साजरी करतोय आणि शाळा बंद पडली तर गावात नाक राहील का?"

"तुझा नातू आण की. बसने लांब कशाला पाठवतोस? भरला पट."

"त्याची गोष्ट वेगळी आहे."

"कशी वेगळी? त्याला बूट आहेत म्हणून?"

सर अगदी काकुळतीला आले. "काका, शाळा गेली तर पहिलीतली एवढीएवढीशी पोरं पूल ओलांडून जातील. त्या रस्त्यावर ट्रक असतात. मी माझ्यासाठी नाही मागत."

आता हे खोटं नव्हतं. मुक्कामला ती पोरं रोज दिसत होती. भिंतीपाशी येऊन रंगात बोटं बुडवायची आणि एकमेकांच्या नाकाला लावायची. त्याला शाळा प्यारी होती, त्याच्या बापाने पाहिलेली, मुलाने पाहिलेली. मान हलवली की सगळं निभावत होतं. त्याचं तोंड उघडलं आणि जिभेवर शब्द आले ते नेमके बापाचे, 'तुम्ही म्हणाल तसं.'

आतल्या खोलीच्या दारात नात उभी होती. ती सगळं ऐकत होती.

"माझं गणित चुकलं का, आजोबा?" तिने विचारलं.

मुक्काम असा ओरडला की चहाचा कप सरांच्या हातातून निसटला. "नाही! काही चुकलेलं नाही तुझं! आणि तुला कुणी चुकलं म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव!" मग तो सरांकडे वळला, आणि पन्नास वर्षांपूर्वी शाळेच्या दारात जे बोलायला हवं होतं ते सगळं त्याने स्वतःच्या घरात बोलून घेतलं. पोराच्या जिवावर शाळा चालवता? मग पोरगं शाळेसाठी की शाळा पोरासाठी? पूल धोक्याचा आहे तर समिती तिथे जाऊन उभी राहू दे, भिंती कसल्या रंगवता? धाकटा "दादा, आवाज" म्हणाला, तर त्यालाही दोन ठेवून दिल्या, तोंडी. "तू माझ्या बाकावरून पुढे गेलास तेव्हा मी तुझं दप्तर उचललं होतं. मला वाटलं होतं तू हुशार आहेस आणि मी ढ. आता हिला तसं वाटू देऊ?"

सर उठले. जाताना दारात थांबून म्हणाले, "पास करतो, काका. तिचे मार्कच तसे आहेत."

रात्रभर मुक्कामचा डोळा लागला नाही. आपलं चुकलं की काय, हे तो छताला विचारत राहिला, आणि छताने काही सांगितलं नाही.

निकाल लागला. पाठोपाठ वरून हुकूमही आला. किराणावाला आठवडाभर मुक्कामशी बोलला नाही, दोघीतिघी आया रस्त्यात त्याला बघून तोंड फिरवायच्या. धाकट्याने समिती गुंडाळली नाही, मात्र समारंभातली भाषणं कमी केली. भिंतीवरचा शेवटचा चौकोन रिकामा होता. तिथे 'उज्ज्वल भविष्याकडे वाटचाल' असं यायचं ठरलं होतं. आता काय लिहायचं, हे विचारायला मुक्काम गेला, तर धाकटा म्हणाला, "तुला काय हवं ते लिही," आणि पाठ फिरवली.

समारंभाच्या सकाळी थोरल्या बाई सगळ्यांच्या आधी आल्या. मुक्काम शिडी आवरत होता. बाईंनी भिंतीची एक बाजू धरून शेवटापर्यंत वाचत आणलं आणि त्या चौकोनापाशी भिंतीला नाक टेकेल इतक्या जवळ उभ्या राहिल्या. रंग ओला होता. 'यंदा चौथीची सर्व मुले पास. शाळा बंद.'

बाई मग काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "मी असते ना, तर ठेवून घेतली असती तिला."

"घेतली असतीत, बाई," मुक्काम म्हणाला. "पण मी हात जोडले नसते."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग पदराने भिंग पुसलं आणि खुर्ची भिंतीकडून वळवून पुलाच्या रस्त्याकडे तोंड करून बसल्या.