मीडियम उंचीच्या रिंगा

कागदावरची पहिली तीन भोकं एका अंगठ्याखाली झाकली जात होती. चौथं जरा वर सरकलं होतं, पाचवं डावीकडे, आणि सहाव्यानं तर कागदाची कडच फाडली होती.

शिवाजीनं तो कागद डायनिंग टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाला, "आई, आता तुम्हीच सांगा. हे काय आहे?"

प्रभाताई पोळ्या लाटत होत्या. शेजारी फोनवर बुवांचं कीर्तन रंगात आलेलं. त्यांनी लाटणं न थांबवता मान वळवली. "चाळणी दिसतेय."

"थट्टा नको हो. तीन गोळ्या बरोबर लागतात, मग बिनसतं. बंदूक गार झाली की परत तीन बरोबर."

"उमा काय म्हणते?"

"सोडून दे म्हणते."

"मग बायकोचं ऐकावं माणसानं."

उमा, म्हणजे प्रभाताईंची लेक, कॅनडातल्या लेथब्रिजच्या हॉस्पिटलात नर्स. शिवाजी जावई, बटाट्याच्या कारखान्यात मेकॅनिक. प्रभाताई उन्हाळ्यात मिरजेहून सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना मिळणाऱ्या लांब मुक्कामाच्या व्हिसावर, आल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे या घरात त्यांचा तवा वेगळा, कढई वेगळी. जावयाच्या फ्रीझरकडे त्या बघत नसत आणि जावई त्यांच्या कढईला हात लावत नसे. दोघांचं उत्तम चाललं होतं.

यंदा शिवाजीचं शिकारीच्या परवान्याच्या ड्रॉमध्ये नाव लागलं होतं, म्यूल डिअर जातीच्या हरणाच्या नरासाठी. कित्येक वर्षं अर्ज करत राहावं तेव्हा कुठं लागतं, आणि पुन्हा कधी लागेल सांगता येत नाही. येत्या शनिवारी तो आणि कारखान्यातला डग निघणार होते. पण त्याचा एक नियम होता. पहिल्याच वर्षी कुणा तिसऱ्याच्या गोळीनं जखमी झालेलं हरीण त्यानं आणि डगनं अंधार पडेपर्यंत शोधलं होतं, आणि ते सापडलं नव्हतं. तेव्हापासून बंदुकीची खात्री नसेल तर जायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

खात्रीसाठीच तर सगळा खटाटोप केला होता. इकडच्या उघड्या माळावर हरीण जवळ येऊ देत नाही, नेम लांबून धरावा लागतो. म्हणून सप्टेंबरात त्यानं दुर्बिणीची बैठक बदलायला घेतली. बंदुकीच्या पाठीवर बसते ती धातूची पट्टी म्हणजे बेस, बेसवर दोन रिंगा, आणि रिंगांत आवळलेली दुर्बीण. ऐकायला एवढंच. पण बेस अखंड घ्यावा की दोन तुकड्यांचा? स्टीलचा की अ‍ॅल्युमिनियमचा? रिंगा लो, मीडियम की हाय? लो घेतल्या तर दुर्बिणीचं पुढचं रुंद तोंड नळीला टेकतं, हाय घेतल्या तर गाल दस्त्यावर टेकत नाही. बेसमेंटमध्ये बसून त्यानं व्हिडिओ पाहिले. एक जण म्हणायचा अखंड पट्टीशिवाय बात नाही, दुसरा म्हणायचा अखंड पट्टी घेणारा मूर्ख, गोळ्या भरताना बोटं अडकतात. शिवाजी दोघांनाही लाइक करून झोपायचा.

एकदा तर त्यानं सासूबाईंनाच बेस हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांसमोर आडवा धरला. "हा पुढं उतरता आहे. सुताराची चूक झाली."

"मुद्दाम तसाच असतो. लांबचं साधायचं तर दुर्बीण पुढून जरा खाली वाकलेली लागते. मग नळी आपोआप वर होते."

"म्हणजे लांबचं साधायचं तर आधी वाकायचं," प्रभाताई म्हणाल्या. "आमचे बुवा जन्मभर हेच सांगत आलेत, त्यांना कुणी बंदूक नाही विकली."

अखेर उतरता अखंड बेस आणि मीडियम रिंगा ठरल्या. दुकानदार म्हातारा, शांत माणूस. त्यानं त्याच दिल्या. आणि आता हा चाळणीचा कागद.

पुढचे चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. शिवाजीनं नळी आणि दुर्बिणीच्या मधून कागदाची पट्टी सरकवून बघितली, कुठं टेकत नव्हती. स्क्रू तपासले, घट्ट होते. गोळ्यांची पेटी बदलली. आपला खांदाच हलतो की काय म्हणून डगला मारायला सांगितलं. डगचीही तीन बरोबर, चौथी भलतीकडे. शेवटी दुकानदारानं तोडगा सांगितला. रिंग जिथं संपते तिथं दुर्बिणीवर पेन्सिलीची रेघ मार आणि गोळ्या झाड. शिवाजीनं तसं केलं. सहा गोळ्यांनंतर रेघ आणि रिंग यांच्यात केसाएवढी फट दिसली.

"घसरतेय!" तो दारातूनच ओरडला. "दुर्बीण रिंगांत घसरतेय! पण का? एवढ्या आवळल्यात!"

का, ते दुकानदारालाही फोनवर सांगता येईना. रिंगाच सदोष असतील म्हणाला, परत आण, पैसे देतो. पण दुसऱ्या मीडियम रिंगा दुकानात नव्हत्या. मागवल्या तर सीझन संपल्यावर येणार.

 शिवाजीनं डगला फोन लावला. "नो बडी, यू गो. आय कान्ट ट्रस्ट इट. नो, नो, आय'म फाइन."

फोन ठेवून तो सिंकपाशी गेला, नळ सोडला आणि काही न धुता बंद केला.

प्रभाताईंनी ते पाहिलं. खरं सांगायचं तर त्यांना आतून हलकं वाटलं होतं. कुठल्यातरी माळावर एक मुका जीव यंदा निवांत चरणार होता. पण नळ बंद झाल्याच्या आवाजानं तो हलकेपणा जिथल्या तिथं थबकला.

शिवाजीनं रात्रीच रिंगा सोडवून पिशवीत घालून ट्रकमध्ये ठेवल्या. सकाळी प्रभाताईंना मेथी हवी होती, म्हणून त्याही निघाल्या. रात्रभर कडाक्याची थंडी पडली होती. ट्रकचा हीटर अजून तापत होता.

"आई, पिशवी जरा मांडीवर घ्या, खाली घरंगळतेय."

त्यांनी पिशवी घेतली आणि उगाच आत बघितलं. काळ्या रिंगांच्या आतल्या बाजूला पांढरा पातळ थर होता, साय धरल्यासारखा. त्यांनी नखानं खरवडलं. चिमटीत धरल्यावर तो विरघळला. बोट नाकाशी नेलं.

हा वास त्यांना बाळपणापासून ठाऊक होता. थंडीत बाटलीत गोठतं, उन्हात ठेवलं की वितळतं. खोबरेल.

खंडेनवमीला त्यांनी घरातली सगळी हत्यारं पुजली होती. मिक्सर, बर्फ उपसायचं शोव्हल, जावयाचे पाने, उमाचा स्टेथोस्कोपसुद्धा. बंदूक कपाटात कुलपात होती, इथला कायदाच तसा. पण बेसमेंटच्या टेबलावर स्वच्छ फडक्यावर या रिंगा, तेव्हा अजून बसवायच्या असलेल्या, मांडून ठेवलेल्या होत्या. तीच बंदुकीची उत्सवमूर्ती समजून त्यांनी गंध-कुंकू वाहिलं, हात जोडले, "कुणाला यातना होऊ देऊ नकोस रे बाबा," म्हणाल्या. आणि लोखंडाला डाग नको म्हणून खोबरेलाचं बोट फिरवून सगळं पुसून ठेवलं. आतूनसुद्धा. आतून तर जरा जास्तच.

म्हणजे गार असताना हे धरून बसत होतं. नळी तापली की सुटत होतं.

देवानंच हे केलं का? यातना नकोत म्हटलं, म्हणून त्यानं हरीण वाचवलं? मग आपण मध्ये बोलणारे कोण? आणि त्यानं नसेल केलं, नुसता आपल्या हातचा गाढवपणा असेल, तर? बुवा असे पेचात आणून कथा थांबवायचे, झांजा वाजायच्या, एक पद व्हायचं, आणि पदानंतर उत्तर मिळायचं. इथं फक्त हीटर घुरघुरत होता, आणि दुकान पुढच्या सिग्नलनंतर होतं.

"काय सांगणार तुम्ही त्या दुकानदाराला?" त्यांनी विचारलं.

"माल खराब आहे म्हणून. दुसरं काय? बिचारा कंपनीला परत पाठवेल."

सिग्नल हिरवा झाला.

"शिवाजीराव, गाडी बाजूला घ्या."

"बरं वाटत नाहीये का?"

"घ्या म्हणते ना."

त्यानं एका पार्किंग लॉटमध्ये ट्रक उभा केला. त्यांनी पिशवी त्याच्यापुढं धरली आणि सगळं सांगितलं, गंधापासून तेलाच्या बोटापर्यंत. शिवाजीनं एक रिंग काढून आतून बोट फिरवलं आणि वास घेतला.

"खोबरेल," तो म्हणाला.

"पॅराशूटचं नाही हो. घाण्यावरचं. मिरजेहून आणलेलं."

"आई, मी डॉक्टरकडून खांदा तपासून घेणार होतो!" तो हसला, पण हसणं पुरं झालं नाही. "तुम्ही बोलला नसता, तर मला जन्मात कळलं नसतं. हरीण वाचलं असतं."

"ते काय मला समजत नाही?"

"मग?"

"त्या म्हाताऱ्याचा माल खराब नव्हता," प्रभाताई म्हणाल्या. "आणि काल तुम्ही नळ सोडलात अन् काही धुतलं नाहीत. पुढचं मला विचारू नका. मला माहीत नाही."

शिवाजीनं ट्रक वळवला. मेथी त्या दिवशी राहिलीच.

घरी येऊन त्यानं रिंगा, बेस, दुर्बीण सगळं स्पिरिटनं पुसलं, पुन्हा बसवलं, पुन्हा पेन्सिलीची रेघ मारली. दुपारी नेमबाजीच्या रेंजवरून तो नवा कागद घेऊन आला आणि टेबलावर ठेवला. सगळी भोकं एका अंगठ्याखाली.

शनिवारी पहाटे डगच्या गाडीचा हॉर्न वाजला. प्रभाताईंनी पोळी-भाजीचा डबा दिला. दारात बूट घालताना शिवाजीनं विचारलं, "आज काय मागणार देवाकडे?"

"जा तुम्ही. उशीर होतोय."

दार लागल्यावर त्या देवापुढं बसल्या. निरांजन लावलं. नेम चुकू दे म्हणावं, तर अर्धवट लागून जखमी होईल. बरोबर लागू दे म्हणावं, तर जीव जाईल. पोरगं रिकाम्या हातानं येऊ दे म्हणावं, तर नळाचा तो आवाज. कितीतरी वेळ त्या हात जोडून बसल्या. शेवटी काही न मागताच त्यांनी नमस्कार केला.

मग त्यांनी वातीच्या तेलाची बोटं पदराला पुसली. एकदा पुसून वास घेतला, आणि पुन्हा पुसली.