शेवटच्या गावचं पाणी

इंजिनिअरांनी निळी पेन्सिल नकाशावरच्या कालव्यावरून ओढत आणली आणि दुसऱ्या गावापाशी थांबवली.

"इथपर्यंत. पुढे नाही."

"पुढे आणखी एक गाव आहे," मध्यस्थ बाई म्हणाल्या.

"आहे ना. तिथे पाणी मीच नेलं होतं."

बाईंनी वाद घातला नाही. त्यांचं काम निरोप नेण्याचं होतं. हॉटेलच्या या टोकाच्या खोलीत इंजिनिअर आणि त्यांचे धरणाकडचे लोक, त्या टोकाच्या खोलीत कालव्याखालचे, आणि मधल्या लांबलचक बोळातून ये-जा करणाऱ्या त्या एकट्या. एकमेकांचं तोंड पाहायचं नाही, या अटीवरच दोन्ही बाजू बोलणी करायला तयार झाल्या होत्या. पहिल्या दिवशी उंच टाचांचे बूट घालून आलेल्या बाई दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कापडी बुटांवर आल्या.

देश फुटून लढाई पेटली तेव्हा धरणाचे दरवाजे बंद झाले, ते बंदच राहिले. त्यात पावसाने लागोपाठ दगा दिला. वरच्यांचा तलाव निम्म्यावर आला, खालच्यांच्या कालव्याला भेगा पडल्या. कालव्यावरच्या पहिल्या दोन गावांत घरदार सोडून आलेल्यांच्या छावण्या होत्या आणि तिथे घाणेरड्या पाण्यापायी मुलं दगावत होती. शेवटच्या गावात छावणी नव्हती. तिथे नुसतं गाव होतं, आणि त्या गावात इंजिनिअरांची लेक होती.

ही गोष्ट दोन्ही खोल्यांना ठाऊक होती, कारण पलीकडच्या खोलीत प्रमुख म्हणून बसलेले गृहस्थ इंजिनिअरांचे व्याही होते. देश एक होता तेव्हा दोघे पाटबंधारे खात्यात होते. एका डब्यात जेवले, एकाच जीपमधून हाच कालवा मोजत हिंडले, आणि त्या दोस्तीतूनच सोयरीक जुळली. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ.

म्हणून तर इंजिनिअर सगळ्यांपेक्षा ताठ होते. 'लेकीसाठी वाकला' एवढं मात्र कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही, असं ठरवूनच ते घरातून निघाले होते. शेजारी कर्नल बसले होते, म्हणायला मदतीला, खरं तर नजर ठेवायला. शेवटच्या गावापर्यंत पाणी न्यायचं तर निम्मं वाटेतच मुरतं, हे इंजिनिअरांनी पुन्हा एकदा सांगितलं. ते खरंही होतं. खऱ्याच्या आड लपायला बरं पडतं.

बाई निरोप घेऊन गेल्या आणि अपेक्षेपेक्षा लवकर परत आल्या.

"तिकडच्यांनी शेवटच्या गावाची मागणी सोडली," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "पहिल्या दोन गावांना पाणी द्या, आम्ही आजच सही करतो, म्हणतात."

"सुटलो!" कर्नलनी पाय ताणले. "एवढ्या दिवसांचं भिजत घोंगडं. करा साहेब सही, नाहीतर परत मत बदलायचं त्यांचं."

इंजिनिअरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"असं कोण म्हणालं?"

"त्यांचे प्रमुखच."

"त्यांचं स्वतःचं गाव आहे ते."

"मीही तेच विचारलं." बाई जरा घुटमळल्या. "म्हणाले, घरी फोन करून विचारलंय. घरचं म्हणणं पडलं, आमच्यापायी छावणीतली मुलं अडकायला नकोत. आणि आमचं गाव नसलं की वरच्यांना सही करणंही सोपं जाईल."

विहीणबाई केव्हाच गेल्या होत्या. जावई लढाईच्या पहिल्याच वर्षी गेला. त्या घरात आता फोन उचलायला एकच माणूस उरलं होतं, इंजिनिअरांची लेक, आणि तिच्या कडेवरचा नातू, ज्याला त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं.

त्यांना एकदम भडभडून आलं. कर्नलकडे पाठ करून ते खिडकीपाशी गेले आणि पडद्याची दोरी उगाच ओढत-सोडत राहिले. बापाला जड जाऊ नये म्हणून लेकीने स्वतःचं पाणी सोडलं होतं. आणि बाप इथे बसून पाणी किती मुरतं ते सांगत होता.

परत येऊन त्यांनी पेन्सिल उचलली आणि रेघ शेवटच्या गावापर्यंत नेली.

"पाणी इथवर जाईल. दरवाजे ठरल्यापेक्षा चार दिवस जास्त उघडे ठेवायचे."

"आणि आपला तलाव?" कर्नल ताडकन सरळ बसले.

"उतरेल. उन्हाळ्यात आपल्याला दिवसाआड पाणी घ्यावं लागेल. माझ्या घरालाही."

"लोक काय म्हणतील, कळतंय ना? लेकीसाठी वाकला म्हणतील. घराची एक काच शिल्लक ठेवायचे नाहीत."

"म्हणू देत. खरंच आहे ते."

कर्नलनी नकाशा जवळ ओढून ती रेघ बोटाने शेवटपर्यंत तपासली. मग त्यांनी टोपी उचलली.

"मी सिगरेट ओढून येतो," ते म्हणाले. "ही रेघ मी बाहेर असताना मारलीत तुम्ही." जाताना त्यांनी दार अगदी हळू लावलं.

इंजिनिअरांनी सही केली. कागद घेऊन बाई उठल्या.

"व्याह्यांना काही निरोप?"

"त्यांना नको." इंजिनिअरांनी पेन्सिल खिशात ठेवली. "त्यांच्या घरी कळवायला सांगा. म्हणावं, बापानं तुझं ऐकलं नाही."