पडद्याच्या कोपऱ्यातली चिकटपट्टी

सोमवारी बोट प्रवाळ खडकांकडे निघणार होती आणि तिच्यावर आमच्या प्रयोगशाळेसाठी एकच जागा होती. पाण्याचा दर्जा मोजायचं नवं यंत्र गेलं तर लिउबा जाणार, कारण त्याचं सॉफ्टवेअर फक्त तिला येतं. जुनं गेलं तर मी. चार वर्षं मातान्सासच्या उपसागराचं पाणी मीच मोजत आले होते. लिउबाला येऊन सहा महिने झाले होते, आणि तेवढ्यात आमच्या प्रमुख डॉक्टर एनेइदा तिला ‘पोरी’ म्हणायला लागल्या होत्या. मला त्या अजून नावानंच हाक मारतात.

शुक्रवारी लिउबा नवं सॉफ्टवेअर माझ्या जुन्या संगणकावर टाकायला बसली. दर वेळी एकच सूचना येत होती: निर्मात्याचं प्रमाणपत्र वैध नाही. तिनं अँटिव्हायरस बंद करून पाहिला, विंडोज पुन्हा सुरू केलं, पेनड्राइव्हवर दुसरी प्रत आणली. तेच.

“नेरेइदा, तुझा हा म्हातारा माझ्यावर रुसलाय बघ.”

“नवीन माणसं त्याला लवकर पचत नाहीत,” मी म्हणाले.

खरं कारण मला माहीत होतं. माझ्या जुन्या यंत्राच्या सॉफ्टवेअरचा परवाना अमेरिकेच्या निर्बंधांमुळे क्युबातून विकत घेताच येत नाही. म्हणून दर एक तारखेला मी संगणकाचं घड्याळ मागे फिरवते, म्हणजे तीस दिवसांची फुकट मुदत कधी संपत नाही. त्या संगणकावर चार वर्षं मे २०१९च चालू होता. तारीख दिसू नये म्हणून पडद्याच्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली होती. तिथं काच तडकलीय, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. नव्या सॉफ्टवेअरचं प्रमाणपत्र गेल्या वर्षीचं. संगणकाच्या लेखी ते अजून जन्मायचं होतं.

दुपारी मी कॉफी घेऊन आले तेव्हा लिउबाच्या बोटाला ती पट्टी चिकटलेली होती. ती कोपऱ्याकडे पाहत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

“तारीख बरोबर केली तर तुझं जुनं बंद पडेल ना?”

“लगेच.”

“आणि त्यातले चार वर्षांचे आलेख?”

“उघडणार नाहीत.”

तिनं पट्टी होती तिथं परत लावली, अंगठ्यानं दाबली. तेवढ्यात डॉक्टर आत आल्या.

“काय गं पोरी, जमलं का?”

“नाही हो डॉक्टर. जुनं यंत्रच न्या. नेरेइदालाच जाऊ द्या.”

जागा माझी झाली. त्या क्षणी मला लिउबाचा जितका हेवा वाटला, तितका सहा महिन्यांत वाटला नव्हता. बोट तिला मिळाली असती तर मी सोसलं असतं. वर मोठं मनही तिचंच?

“थांबा डॉक्टर,” मी म्हणाले आणि पट्टी ओढून काढली. “काच तडकलेली नाही. ही माझी करामत आहे.”

आलेखांतले सगळे आकडे साध्या फायलींत उतरवायला दोन तास लागले. मग मी स्वतः आजची तारीख टाकली. जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं आणि नवं पहिल्याच झटक्यात बसलं.

सोमवारी लिउबा बोटीवर चढली. डॉक्टर धक्क्यावर माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मला नावानंच हाक मारली.